एक जूनवाल्यांचा विष्णू

विष्णूच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पाचाडला प्रवासी उतरवून चहा पीत होतो. "उस्मानचाचा, बाबा गेले... सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या." खरं सांगतो, आधी मला रागच आला. आदल्या संध्याकाळी हा माणूस माझ्याशी कडाकडा भांडला होता, नाते गावच्या एका म्हातारीचा जन्म मंगळवारचा की बुधवारचा यावरून. भांडण अर्धवट टाकून कोणी असं जातं का?

महाडच्या बाजारपेठेतल्या वाचनालयात विष्णू ग्रंथपाल होता. दाराशी एक फळा. रोज सकाळी तो त्यावर दिनविशेष लिहायचा. डाव्या बाजूला थोरामोठ्यांचे जन्म, मृत्यू, लढाया, शोध. आणि उजव्या बाजूला आपली माणसं! म्हणजे, 'आज जन्म : सव गावची सुलभा, शिवणकाम', 'आज स्मृती : डोंगरातल्या वाड्यांवर पायी टपाल नेणारे रामभाऊ', अशी. वाचनालयाच्या समितीतले एक गृहस्थ एकदा चिडले, "या लोकांनी असं केलंय तरी काय?" विष्णू खडू न थांबवता म्हणाला, "जन्माला आले ना? डावीकडचे काय वेगळं करून आले?"

पण एक घोळ होता. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना कोणाला जन्मतारीख ठाऊक नसायची. गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. विष्णूने उजवी बाजू सुरू केली त्या पहिल्या एक जूनला नावं फळ्यावर मावेनात, चौकटीवरून भिंतीवर उतरली. मी पोट धरून हसलो. तो मात्र वैतागला. "अख्खा तालुका एका दिवशी कसा जन्मेल रे?" तिथून त्याला वेड लागलं. जुनी पंचांगं त्याने गोळा केली, जीप माझी होतीच. सुट्टीच्या दिवशी आम्ही वाड्यावाड्यांवर. म्हाताऱ्यांना तो तारीख कधीच विचारायचा नाही. विचारायचा, त्या दिवशी चुलीवर काय होतं? शेतात काय चाललं होतं? सण कुठला जवळ होता? मग एखादी सांगायची, "नाचणी लावीत होतो बग, नि दुसऱ्या दिशी नागपंचमी." की हा पानं उलटून तारीख काढणार. माझी आई म्हणाली, सत्ताविसावा रोजा होता. झालं, जन्मभर जूनचा असलेला मी एकदम फेब्रुवारीचा झालो. बायकोने मात्र ठणकावलं, केक जूनमध्येच मिळेल!

एवढ्या जणांना त्याने त्यांचे दिवस परत दिले, आणि स्वतः बसला एक जूनलाच चिकटून. विचारलं की म्हणायचा, "माझं राहू दे." एकदा सवच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो, तेव्हा आपणहून बोलला. त्याला नाते गावात आत्येने वाढवलं. तो सात वर्षांचा असताना ती रागाच्या भरात म्हणाली होती, "आलास नि त्याच दिशी आयला खाल्लंस." पाण्याकडे बघत मला म्हणाला, "माझा जन्म नि तिचा मृत्यू एकाच दिवसाखाली... मी लिहू कसा, उस्मान?" पुन्हा कधी मी तो विषय काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेलं एक कुटुंब पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत सोडायला गेलो होतो. तिथल्या भागाबाय, नव्वदीच्या घरात. मी महाडचा म्हटल्यावर म्हणाल्या, "आमच्या आनंदीचा पोर तिथं पुस्तकांत कामाला हाय म्हनं. बरा हाय का? लय हसायची रे ती, त्याला मांडीवर घेऊन." मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मांडीवर? ती तर त्याच दिवशी गेली ना?" भागाबाय भडकल्या. "कोन म्हनतो? पाचवी मी पुजली तिची! पाटावर बसली होती पोराला घेऊन!"

दुसऱ्या दिवशी विष्णूला थाप मारली, एका म्हातारीला नातवाची तारीख काढायची आहे म्हणून. वाडी दिसताच त्याने ओळखलं. हे त्याचं आजोळ. "गाडी फिरव, उस्मान्या!" असा ओरडला की शेजारच्या पडवीतली माणसं बाहेर आली. मी किल्ली खिशात टाकली आणि उतरून लांब जाऊन बसलो. शेवटी भागाबायच काठी टेकत जीपपाशी आल्या. त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिशी झालास तू. ती गेली पिठोरी आवसेला, तापानं. तवर तुला कोनाच्या हातात देत नव्हती." विष्णूने हळूच विचारलं, "त्या दिवशी... चुलीवर काय होतं?"

"कालचा नारळीभात. तुझ्या आयनं मागून खाल्ला."

पंचांग त्याच्या पिशवीतच होतं, पण ते त्याने तिथे उघडलं नाही. तारखा निघाल्या त्या घाट उतरताना. "पंधरवडा, उस्मान! अख्खा पंधरवडा होती ती माझ्याजवळ!" साठीचा माणूस, रडत होता आणि हसत होता. मीही रडलो, लपवायचं काय त्यात? त्या वर्षी ती तारीख आली तेव्हा उजव्या बाजूला त्याने स्वतःचं नाव घातलंच नाही. लिहिलं, 'आज आनंदीबाईंना मुलगा झाला.' बरोबर पंधरवड्याने तिची स्मृतीही लिहिली, तिच्या दिवसाखाली.

विष्णूला जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्या जाण्याचा दिवस फळ्यावर पुढच्या वर्षी येईल, मला त्याची घाई नाही. त्याआधी परवा त्याचा वाढदिवस आला. समितीला विचारून खडू मी घेतला. अक्षर माझं वेडंवाकडं, पण तेच वाक्य लिहिलं, 'आज आनंदीबाईंना मुलगा झाला.' सवहून बाजाराला आलेली एक बाई पिशव्या खाली ठेवून वाचत उभी राहिली. "अगो बाय! कोन ह्या आनंदीबाय? नि पेढे कुठं हायत?"

बरोबरच होतं तिचं. मी समोरच्या दुकानातून पाव किलो पेढे आणले आणि पहिला तिच्या हातावर ठेवला. तो तोंडात टाकून तिने विचारलं, "बाळ-बाळंतीण बरी हायत ना?"

"दोघंही खुशाल," मी म्हटलं. "एकमेकांजवळच आहेत."