चिमट्याने परतलेलं पोर्क

माझा मेहुणा घड्याळं दुरुस्त करतो. एकतीस वर्षं तो दुकानाच्या एकाच खिडकीपाशी बसतो आहे. काम चोख, पण इतकं सावकाश की गिऱ्हाईकं म्हणतात, याच्याकडे घड्याळ टाकलं की काळवेळ विसरायची. घरी मात्र त्याने कधी स्वतःचा चहाही केला नव्हता.

गेल्या महिन्यात त्याची बायको तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली. दुसऱ्याच दिवशी माझी पत्नी, म्हणजे त्याची थोरली बहीण, मला घेऊन त्याच्या दारात हजर झाली. तीन महिने तिथेच मुक्काम करायचा तिचा बेत होता. मेहुण्याचा चेहरा उतरला. बहिणीवर त्याचा फार जीव. पण ती घरात शिरली की त्याने कधी उठावं, काय घालावं, दुकान कधी बंद करावं, सगळं तीच ठरवते.

"ताई, मी करीन ना माझं," तो म्हणाला.

"काय करशील? उपास?"

"पोर्क आणि भाज्या परतून. हिने जाताना शिकवलंय. दहा मिनिटांचं काम."

"तुझी दहा मिनिटं मी लहानपणापासून बघतेय. आज करून दाखव. वेळेवर, पोटभर जेवायला घातलंस तर उद्या मी घरी जाते. नाहीतर तीन महिने इथून हलत नाही."

मी खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो. त्याने गाजराच्या काड्या अशा कापल्या की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. मांसाचे पातळ काप, फरसबी, ढोबळी मिरची, कोबी, सगळं छोट्या वाट्यांत ओळीने मांडलं. इथवर झकास. मग मांस कढईत पडलं, आणि गड्याने खिशातून दुकानातला बारीक चिमटा काढून एकेक तुकडा उलटायला घेतला. शेवटच्या तुकड्याशी पोहोचेपर्यंत पहिल्याचा कोळसा झाला होता आणि मधल्यांना पाणी सुटलं होतं.

"कढईत काय घड्याळ उघडलंयस?" पत्नीने दारातून विचारलं.

"ताई, उद्या आणखी एकदा करू दे."

"कर. पण माझी आंघोळ होईपर्यंत ताटं वाढलेली पाहिजेत."

संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "आच मोठी ठेवा, सगळं एकदम हलवा, हात थांबवू नका."

सकाळी त्याने चिमटा माझ्या हातात दिला. "भाऊजी, हा तुमच्याकडे राहू दे. मागितला तरी देऊ नका."

तेल चांगलं तापलं. मांस परतून, नीट शिजवून त्याने बाजूला काढलं. आलं-लसूण, गाजर, फरसबी, मग मिरची, शेवटी कोबी. मांस परत कढईत, वर सोया सॉस.

"भाऊजी, चिमटा द्या."

"नाही."

"तो एकच तुकडा कडेला चिकटलाय हो."

"हलव."

त्याने दोन्ही हातांनी कढई अशी उडवली की गाजराची एक काडी माझ्या चष्म्यावर येऊन बसली आणि दोन-चार ओट्याखाली गेल्या. मेहुणा हसत सुटला. हातून पडलेली वस्तू त्याने शोधली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पत्नी ओल्या केसांनीच ताटावर बसली. खाली मान घालून जेवायला लागली.

"मीठ?" त्याने भीतभीत विचारलं.

"गप्प बस. खाऊ दे."

दुसऱ्यांदा वाढून घेताना तिने मला बसची वेळ विचारली, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्यांदा तिने कढईच ताटात रिकामी केली.

"अगं, तो काय खाणार?" मी म्हणालो.

"मला काय भाऊजी," मेहुणा गाजर सोलायला घेत म्हणाला, "पुन्हा करता येतं."