चालेलकाका

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'चालेलकाका' म्हणायची. चहा गार झालाय? चालेल. मशीन परवा नेली तर? चालेल. बायकोचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून तर त्याच्याकडे दुसरा शब्दच उरला नव्हता. त्याला काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. हात तेवढे आपले तेल घालत, पट्टा चढवत.

"काका, चालते का?" गिऱ्हाईक विचारी.

"धरून धरून, दोन पावलं."

"अहो, मशीन!"

"हां. मशीन चालते."

बायको शाळेत भाषा शिकवायची. जीभ जड झाली, शिकवणं सुटलं नाही. पाय गादीवर नुसता थरथरला तरी म्हणायची, "मोडीत काढू नका मला. संस्कृतातला 'चल्' आधी हलतो, थरथरतो. पाऊल टाकणं मागाहून. चाल गाण्यालाही असते, बुद्धिबळालाही. चालू माणूस तेवढा जागचा हलत नाही, दुसऱ्यांना पळवतो."

"मग मी कोण?"

"तुम्ही चालढकल."

एरवी तो हसला असता. त्याने तिची उशी सरळ केली.

मुलगा दुकानात आला तेव्हा काका मशीन आडवी पाडून तिच्या पोटात डोकं घालून बसला होता, चाक घरघरत होतं. "बाबा, तुम्हाला एकट्याला झेपत नाही. आईला संस्थेत ठेवू. जागा मिळतेय. चालेल ना?"

त्याला 'आई' आणि 'चालेल ना' एवढंच ऐकू आलं.

"चालेल," तो म्हणाला. "वेळ लागेल, पण चालेल."

चार दिवसांनी गाडी दारात. सून सासूचे कपडे पिशवीत भरायला लागली.

"हे काय?"

"तुम्हीच तर म्हणालात, चालेल!" मुलगा म्हणाला.

"मी तिच्या पायांचं म्हणालो रे."

पलंगावरून आवाज आला, "मला कुणी विचारलं?"

कुणीच नाही. त्यानेही नाही. तो तिच्या उशाशी बसला. "तुला चालेल?"

"नाही."

तो उठला. "तिला चालणार नाही."

"तेच सांगतोय ना बाबा! डॉक्टरही तेच म्हणाले. आई आता चालणार नाही."

"ती नाही रे. तिला." सुनेच्या हातातली पिशवी घेऊन तो कपडे परत कपाटात लावू लागला. घड्या काही जमत नव्हत्या.