पडद्याच्या डावीकडची पट्टी

शेवटची भेट दवाखान्यात झाली आणि तिथेही आम्ही भांडलोच. किर्यात गातहून दोन बस बदलून मी रामल्याला पोचले, तेव्हा सॅम्सनभावजी उशीला टेकून बसले होते. बोलताना धाप लागत होती, तरी मला पाहताच म्हणाले, "आलीस? मग सांग बघू, पिक्चर कोणाचं?" मी म्हटलं, "ज्याचं तोंड बघायला लोक तिकीट काढतात त्याचं." ते हसले, मग खोकत सुटले आणि दीनाने, माझ्या थोरल्या बहिणीने, डोळे वटारून मला गप्प केलं. चार दिवसांनी भावजी गेले. शिवाचे, म्हणजे आमच्या सुतकाचे, सात दिवस झाले, महिनाही सरला... आणि दोन वर्षं जे पोटात ठेवलं, ते आज तुम्हा मुंबईच्या वाचकांपुढे लिहायला बसले आहे.

मुंबई सोडून ज्यूंच्या या नव्या देशात आल्यावर, १९६२ साली मी रामल्याला दीनाकडेच राहत होते. भावजी सिमेंटच्या कारखान्यात होते आणि तिथून सुटले की गावातल्या एका थेटरात 'तिर्गुम' फिरवायचे. हे काम तुम्हाला ठाऊक नसेल. आपलं हिंदी पिक्चर इकडे आलं की पडद्याच्या डावीकडे एक अरुंद पांढरं कापड लावतात. पारदर्शक पट्टीवर शाईने लिहिलेलं हिब्रू भाषांतर, म्हणजेच तिर्गुम, दिव्याने त्यावर पाडतात आणि एक माणूस यंत्राची मूठ फिरवत एकेक ओळ पुढे सरकवतो. त्याला हिंदी यायलाच हवं, नाहीतर बापाचं बोलणं मुलीच्या तोंडी जायचं. मोरोक्कोचे, रुमानियाचे, इराकचे लोक, गावातले अरब, सगळे आपल्या पिक्चरला येऊन मनसोक्त रडायचे. पट्टी जरा रेंगाळली की शिट्ट्या आणि 'तिर्गुम, तिर्गुम' असा ओरडा. भावजींचा त्या मुठीवर भारी जीव होता. कारखान्यात ते नुसते एक मजूर होते, इथे सगळं थेटर त्यांच्या हाताकडे बघायचं.

एकच पिक्चर पंधरा-पंधरा वेळा बाजूने बघून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. पिक्चर दिग्दर्शकाचं. नट आपला सांगितलं तिथे उभा राहतो. मला हे मुळीच पटायचं नाही. मी एकदा त्यांना पेचात पकडलं होतं. माझा आवडता नट खोटं बोलायच्या आधी शर्टाच्या बाहीचं बटण लावायचा. तीन पिक्चरमध्ये त्याने तेच केलं आणि तिन्हींचे दिग्दर्शक वेगवेगळे. "आता बोला, बटण कोणाचं?" चौथ्या दिवशी जेवताना, बोंबलाचा तुकडा हातात धरून भावजी म्हणाले, "लेआ, दोन पिक्चरांत तुला बटण दिसलं. तिसऱ्यात ते दिसतच नाय. तो लावत असतो तेव्हा दिग्दर्शक आपल्याला बघणाऱ्या बायकोचं तोंड दाखवतो. आणि रडलीस तू तिसऱ्यालाच." मी खरंच तिसऱ्याला रडले होते. पण तोंडाने कबूल करणं माझ्या स्वभावात नाही.

त्यांना एकच सल होता. थेटराबाहेरच्या मोठ्या पाटीवर नट-नटीची नावं असायची, दिग्दर्शकाचं कुठेच नाही. एक दिवस ते मला म्हणाले, "तुझं हिब्रू अक्षर वळणदार आहे. एक ओळ लिहून दे." मी लिहून दिली: 'हे पिक्चर अमुक अमुक यांनी केलं.' ती पट्टीच्या सुरुवातीला जोडायची होती. जोडायचा खास डिंक थेटरच्या मालकाच्या खोलीत कुलपात, म्हणून मीच शहाणपण केलं आणि घरी पिठाची खळ शिजवली. आमच्या घरात वहीपासून पतंगापर्यंत सगळं खळीनेच चिकटायचं.

मंगळवारचा दुपारचा खेळ. माझी ओळ पडली आणि भावजींनी अंधारात माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मग त्यांनी मूठ फिरवली, तर ती फिरेना. दिव्याच्या उष्णतेने खळ सुटून पट्टी यंत्राच्या रुळात अडकली होती. पडद्यावर नायक नायिकेला म्हणाला, तुझ्यावाचून जगणार नाही, आणि बाजूला हिब्रूत, 'हे पिक्चर अमुक अमुक यांनी केलं.' म्हातारी आई देवाला हात जोडते, तरी तेच. सावकार धमकी देतो, तरी तेच. आधी शिट्ट्या झाल्या, मग लोक पोट धरून हसायला लागले आणि शेवटी खुर्च्या आपटू लागले. पहिलं रीळ संपेपर्यंत दिग्दर्शकाचं नाव काही हललं नाही.

मध्यंतरात मालक आला. पट्टी उजेडात धरून म्हणाला, "हे अक्षर तुझं नाही. कोणाचं?" मी तीन पावलांवर उभी होते. त्याच मालकाने पुढच्या आठवड्यापासून मला तिकिटाच्या खिडकीवर बसवायचं कबूल केलं होतं. भावजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझंच," ते म्हणाले. त्यांचं काम गेलं. मला खिडकी मिळाली. मी घाबरले होते एवढंच कारण, दुसरं कुठलंही नाही.

पुढच्या मंगळवारी तेच भावजी खिडकीशी आले आणि मी त्यांना तिकीट दिलं. "डावीकडची खुर्ची दे," म्हणाले. पुढेही कायम डावीकडेच बसायचे. अंधारात त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरत असायचा, हे मी दारातून पाहिलं आहे. घरी दीना त्यांना बोल बोल बोलायची, "कोणी सांगितलं होतं ते चिकटवायला?" ते म्हणायचे, "चुकलं खरं." मी ताटात बघत जेवायचे. चार महिन्यांत मी ती खिडकी सोडली, किर्यात गातच्या सूतगिरणीत लागले आणि लांब गेल्यावर हे विसरेन असं मला वाटलं. विसरले नाही.

महिन्याच्या प्रार्थनेनंतर दीनाने मुंबईहून आणलेला बिस्किटांचा जुना डबा माझ्या पुढ्यात ठेवला. "लेआला द्या म्हणून सांगून गेलेत." आत ती पट्टी होती. खिडकीशी धरली. माझं वळणदार अक्षर, दिग्दर्शकाचं नाव, कडेला वाळलेली खळ. आणि खाली बारीक, वाकड्या मराठीत, जे मालकाला कधी वाचता आलं नसतं...

"काय लिवलंय गं?" दीनाने विचारलं. "माझा चष्मा आत आहे."

चष्मा येईपर्यंत मला गप्प राहता आलं असतं. मी मोठ्याने वाचलं, "अक्षर लेआचं. खळ पण तिचीच."