प्लास्टिकच्या गवताची बाग

मंडळी, आमच्या ताथवड्याच्या वाट्याची झाडं आज एआयने कापली. लावायच्या आधीच.

मी वाकडला एका ऑफिसात काम करते. आम्ही एआयला ड्रोनचे फोटो देतो. शहर कुठं जास्त तापतं आणि नवी झाडं कुठं लावायची, ते एआय सांगतं. आज सकाळी त्यानं सांगितलं, ताथवड्यात आमच्या बस स्टॉपमागं मोठी बाग आहे, तिथं झाडांची गरज नाही.

बाग? तिथं क्रिकेटचं टर्फ आहे, राव! प्लास्टिकचं हिरवं गवत. दुपारी मुद्दाम गेले, चप्पल काढून पाय टेकवला, तर तव्यावर ठेवल्यासारखा भाजला.

तशीच ऑफिसात येऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, अशी टर्फ शहरभर आहेत. सगळं परत करत बसलो तर आजचं प्रेझेंटेशन कसं द्यायचं? आणि हिरवं जरा जास्त दिसलं तर बिघडलं कुठं?"

महापालिकेच्या साहेबांपुढं प्रेझेंटेशन झालं. स्लाइड मीच बदलत होते. टाळ्या वाजल्या, प्लॅन मंजूर झाला.

घरी येताना स्टॉपवर आई दिसली. भोसरीला मावशीकडं निघाली होती. डोक्यावर पदर घेऊन, अंग चोरून, विजेच्या खांबाच्या सावलीत उभी.

मला बघून म्हणाली, "बस येईना बघ. तुमच्या ऑफिसला सांग की, इथं एखादं झाड लावा म्हणावं."

आमच्या नकाशात ती बागेजवळ उभी आहे. हे तिला कसं सांगू? तुम्हीच सांगा.