लॅक्टोमीटर आणि तांब्याभर पाणी

परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, फिजिक्स घेऊन पुढं काय करायचं?" प्रयोगशाळेच्या कपाटात दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी, लॅक्टोमीटर दिसला आणि मला एकदम कोमट दुधाचा वास आला.

नेकनूरजवळचं आमचं गाव, दुष्काळातला उन्हाळा. मी बीडला बी.एस्सी.ला होते आणि माझं शिक्षण थांबवायचं घरात ठरत आलं होतं. त्या सकाळी दूध सोसायटीच्या सेक्रेटरींनी आईनं आणलेल्या दुधात लॅक्टोमीटर सोडला. तो खोल बुडाला.

"काकू, पाणी घातलंय. हे दूध घेता येणार न्हाई."

सगळी रांग आईकडं बघू लागली.

"घालायला पाणी हाय कुठं, भाऊ? आठ दिवसांनी टँकर येतो," आई म्हणाली.

मी दुधाच्या भांड्याला हात लावला. ते तापलं होतं. गरम दुधात लॅक्टोमीटर जास्त बुडतो, हे मी नुकतंच शिकले होते. "थंड करून बघा," मी म्हणाले. सेक्रेटरी हसले. आईनं मात्र सोबत आणलेला प्यायच्या पाण्याचा तांब्या तिथल्या परातीत ओतला आणि भांडं त्यात ठेवलं.

थोड्या वेळानं लॅक्टोमीटर वर आला आणि बरोबर शुद्ध दुधाच्या खुणेवर थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "आमचं बी थंड करून बघा."

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आज कळतं, माझ्या शब्दावर प्यायचं पाणी ओतून खरी पैज आईनं लावली होती. परातीतलं पाणी पुन्हा तांब्यात भरत तिनं विचारलं, "ह्याच्या फुडचं शिक्षण किती वर्षांचं हाय गं?"