तिसऱ्या हाकेला वळणाऱ्या मालनकाकी

मालनकाकी घाडीगावकर यांनी आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या किमतीला घेतलेली नाही. यात त्यांचं स्वतःचं मंगळसूत्र आलं, गणपतरावांचा चष्मा आला आणि सत्यनारायणाची दक्षिणाही आली. भटजींनी आकडा सांगितला तेव्हा काकी म्हणाल्या होत्या, "पाचच अध्याय ना? मग एवढे कसले?" भटजी बिचारे खरंच खाली उतरले आणि वर दोन केळी सोडून गेले.

घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. चाळीत कोणाचं लग्न ठरलं की पहिला निरोप हॉलवाल्याला जायचा आणि दुसरा काकींना. दादरला शालू घ्यायचा असो की लालबागला मसाल्याच्या मिरच्या, काकी पुढे आणि घरची चार माणसं मागे, अशी वरात निघायची. काकींची एक ठरलेली रीत होती. दुकानात शिरताना चेहरा असा ठेवायचा, की आपल्याला कोणीतरी धरून आणलंय. हवी ती साडी सोडून तिच्या शेजारची उचलायची. मग उगीच विचारल्यासारखं हवी तीच मागायची, खांद्यावर टाकायची, नाक मुरडायचं, भाव विचारायचा आणि ऐकून हसायचं. त्यानंतर साडी खाली ठेवून उठायचं आणि चालू लागायचं. खरी विद्या ती ह्या चालू लागण्यात. दुकानदार हाक मारतोच. पहिल्या हाकेला वळला तो फसला. दुसऱ्या हाकेला पाय जरा हळू करायचे. वळायचं ते तिसऱ्या हाकेला, आणि तेही उपकार केल्यासारखं.

पण अलीकडे काकींना कोणी बोलावेनासं झालं होतं. लग्नं होत होती, पण शालू खोक्यातून यायचे. किमतीवर आडवी रेघ मारून शेजारी दुसरी किंमत छापलेली असायची. "ही रेघ कोणी मारली? मला विचारून मारली?" असं काकी विचारायच्या. एकदा त्यांनी जिन्यात कुरियरवाल्यालाच धरलं आणि "शेवटचं किती?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, मावशी, पैसे कधीच भरलेत. काकी त्याला पाणी देऊन परत आल्या. त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्या नवऱ्याला बोलूनही गेल्या, "आता मला कोणी बरोबर नेत नाही हो." गणपतराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरं झालं. पाय दुखतात ना तुझे?" रात्री त्यांच्या आमटीत मीठ नव्हतं.

उरली होती ती एक अक्षदा, त्यांची लेक. ती लोअर परळला ऑफिसात जायची आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर गेम खेळायची. येत्या रविवारी तिचा वाढदिवस होता आणि तिला एक नवा गेम हवा होता. त्यात म्हणे एका ओसाड बेटावर गाव वसवायचं, होडी बांधायची, मासे धरायचे.

"आमच्या गावाला, आचऱ्याला, हे सगळं फुकट होतं," काकी म्हणाल्या. "कितीला आहे?"

अक्षदाने किंमत सांगितली. काकी भाजी निवडत होत्या त्या सुरीसकट उभ्या राहिल्या. "मी घेऊन देते तुला. कमी करून."

"आई, इथे भाव होत नाही गं."

"मग मला कशाला बरोबर न्यायचं, असं सरळ म्हण ना."

अक्षदाने आईकडे बघितलं. पोरीचं मन मऊ. तिने फोन हातात घेऊन समजावून सांगितलं, की कंपनीचं एक स्वतःचं दुकान असतं, तिथे पूर्ण किंमत. आणि बाहेरची पुष्कळ दुकानं असतात, ती त्याच गेमची नुसती चावी विकतात, म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ. ती ओळ कंपनीकडे टाकली की गेम आपला. ही दुकानं स्वस्त असतात, पण भरवशाची असतीलच असं नाही.

"म्हणजे पक्कं दुकान आणि बाहेरचा फूटपाथ," काकी म्हणाल्या. त्यांचे डोळे कित्येक दिवसांनी चमकले. "अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

"बघ हां. फूटपाथवाल्याच्या किमतीतून आणखी कमी केलंस, तर यापुढे माझी सगळी खरेदी तुला बरोबर घेऊन."

"आणि नाही झालं तर?"

"तर तू रिटायर."

हे अक्षदा हसत म्हणाली, पण काकींना ते लागलं. त्यांनी पदर खोचला, आपला फोन तोंडासमोर धरला आणि त्या दुकानाच्या कोपऱ्यातल्या मदतीच्या खिडकीत बोलायला सुरुवात केली. बोललेलं आपोआप टाइप होत होतं. दुकानदार परका, म्हणून हिंदी.

"भैया, नमस्ते. ये गेम लास्ट कितना?"

खिडकीत तत्काळ उत्तर उमटलं. अक्षदाने वाचलं, "म्हणतोय, तुमचा प्रश्न समजला नाही. खालच्या पर्यायांतून निवडा. आई, तो माणूस नाहीये, बॉट आहे."

"सगळे पहिल्यांदा असंच येड घेऊन पेडगावला जातात," काकी म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या. "भैया, डब्बा नहीं, पिशवी नहीं, खाली नंबर देते हो, उसका इतना? बाजूवाला कम में देता है."

बॉट म्हणाला, तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार, या संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल? काकींनी एक दिला. जास्त दिले की हे लोक चढतात.

मग त्यांनी अक्षदाला आपला मेलचा पत्ता भरून गेम टोपलीत टाकायला लावला. शालू खांद्यावर टाकून बघतात तसा. पैसे भरण्याचं पान आलं, आणि ऐन तिथे काकींनी फोनचा पडदा बंद केला, तो तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

"आता काय?" अक्षदाने विचारलं.

"आता मी चालले. मागे बघू नकोस."

अक्षदा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मात्र ऑफिसात तिला आईचा फोन आला. "अक्षू, बोलावलं गं त्याने!" दुकानाची मेल आली होती: तुम्ही टोपलीत काहीतरी विसरलात, परत या, तुमच्यासाठी थोडी सूट. अक्षदाला खुर्चीतून उठावं लागलं. "घेऊन टाक मग!" ती ओरडली. "पहिल्या हाकेला?" काकी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसरी मेल आली, सूट वाढली. काकींनी पाय हळू केले, म्हणजे मेल उघडली आणि बंद केली. तिसरी आली ती 'शेवटची संधी' म्हणून, आणि तिच्यात किंमत अशी उतरली होती, की काकींना दुकानदाराची दया आली. फोनवरून पैसे भरणं त्यांना भाजीवाल्यामुळे येतच होतं. त्यांनी भरले. दोन मिनिटांत चावी हजर. शनिवारची दुपार होती, अक्षदा मैत्रिणीकडे गेलेली, आणि मालनकाकी पुन्हा मालनकाकी झाल्या होत्या.

आता, घाडीगावकरांच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी देवापुढे जाते. मिक्सर गेला होता, फ्रिज जात नव्हता तर देव फ्रिजवर ठेवले होते. चावीला कसं सोडायचं? काकींनी चावीची ओळ पडद्यावर मोठी केली, फोन देवापुढे उभा केला, काचेवर हळदकुंकवाचं बोट ठेवलं आणि जास्वंद वाहिली. आणि स्वस्तात मिळालेली वस्तू चार लोकांनी बघितली नाही, तर ती स्वस्तात मिळाली असं म्हणायचं तरी कसं? त्यांनी गणपतरावांना पेपर खाली ठेवायला लावून त्यांच्या फोनवर फोटो काढून घेतला आणि चाळीच्या ग्रुपवर टाकायला सांगितला. खाली मजकूर: "अक्षदाचा नवीन गेम. दुकानदाराने तीनदा बोलावले. सर्वांनी बघावे. मालन." फोटो इतका छान आला होता, की एकेक अक्षर स्पष्ट वाचता येत होतं.

ग्रुपवर उंचावलेल्या अंगठ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. पहिल्या मजल्यावरून एकीने विचारलं, काकी, मला वॉशिंग मशीन घ्यायचंय, मंगळवारी येता का? काकींनी तीन वेळा तो निरोप वाचला.

रविवारी सकाळी ओवाळून झाल्यावर अक्षदा कॉम्प्युटरसमोर बसली. तिने चावी टाकली. कंपनीने कळवलं, की ही चावी आधीच वापरली गेली आहे.

"बघ! म्हणून म्हणत होते. जुनी चावी विकली त्यांनी!" अक्षदा म्हणाली.

काकींचं पित्त खवळलं. त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि त्या खिडकीतल्या भैयाचा उद्धार सुरू केला. त्याच्या आईबापांपर्यंत पोचल्या होत्या, इतक्यात गणपतरावांचा फोन वाजला आणि ग्रुपवरचा फोटो अक्षदाच्या नजरेस पडला.

"आई," ती फार हळू आवाजात म्हणाली, "ही चावी तू कोणाला दाखवलीस?"

"कोणाला नाही गं. फक्त चाळीला."

"अगं, ही जो पहिला टाकेल त्याची होते!"

अक्षदा अंगठे आणि हात जोडलेली चित्रं सरकवत गेली. अभिनंदनांच्या मधोमध तळमजल्यावरच्या लवूमामांचा एक ओळीचा निरोप सापडला: "प्रसाद पावला. फार छान आहे."

मायलेकी जिना उतरल्या. लवूमामा म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर, एकटा जीव. पुतण्या उन्मेष शारजाला जाताना आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे ठेवून गेला होता, त्यावर ते त्याच कंपनीचं बुद्धिबळ खेळायचे, त्यामुळे चावी कुठे टाकायची ते त्यांना ठाऊक होतं. आता ते नुसत्या बनियनमध्ये बसून पडद्याकडे बघत होते. बेटावर झोपडी उभी राहिली होती, अंगण सारवलेलं होतं, किनाऱ्याने नारळ लावले होते आणि वर लवूमामांच्या कोकणातल्या गावावरून ठेवलेलं नाव झळकत होतं: नवी वायंगणी.

"लवूभावजी, काय हो केलंत हे!" काकी दारातूनच कडाडल्या. "माझ्या लेकीचा गेम तो!"

लवूमामा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला. "वैनी, तुम्ही तां देवाफुडे ठेवलात, कुंकू लायलात, सगळ्यांका दाखयलात. माका वाटला परसाद." त्यांनी घाईघाईने कळफलक पुढे सरकवला. "घेवा, परत घेवा. माका कसा काढूचा तां म्हायत नाय."

"तो आता निघत नाही, मामा," अक्षदा म्हणाली.

काकी भांडायलाच आल्या होत्या. पण देवापुढे ठेवलेलं आणि सगळ्यांना दाखवलेलं जे असतं, त्याला आपणही प्रसादच म्हटलं असतं, हे त्यांना आतून कळत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग येत होता. त्यांची नजर पडद्यावर गेली.

"ते दोन नारळ फार जवळ लावलेत," शेवटी त्या म्हणाल्या. "वाढायचे नाहीत."

"होय गे, माकाय तसाच वाटतासा," लवूमामा म्हणाले आणि लगेच एक उपटायला बसले.

काकी कठड्याला धरून जिना चढल्या. आपली चूक, आणि नुकसान पोरीच्या वाढदिवसाचं, ह्याने त्यांचा जीव तुटत होता. खोलीत आल्यावर त्या कॉटवर बसल्या आणि म्हणाल्या, "अक्षू, घे तो गेम. त्या पक्क्या दुकानातून. लिहिलेल्या किमतीला. पैसे मी देते."

गणपतरावांनी पेपर आपणहून खाली ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांनी ह्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"आणि त्या मशीनवालीला सांग, मंगळवारी मला जमणार नाही," काकी पुढे म्हणाल्या. "मी झाले रिटायर."

अक्षदाने फोन घेतला. कंपनीचं दुकान उघडलं, गेम टोपलीत टाकला, पैसे भरण्याच्या पानापर्यंत गेली. काकींनी दुसरीकडे तोंड फिरवलं, त्यांना बघवेना. बराच वेळ काहीच वाजलं नाही म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर अक्षदा नाक मुरडून बसली होती.

"एवढ्याला?" ती पडद्याला म्हणाली. "नको मग."

तिने फोनचा पडदा बंद केला, तो तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि आईची पर्स खुंटीवरून काढून तिच्या काखेत दिली. "चल. केक आणायचाय अजून. मला एकटीला लुटतो तो बेकरीवाला."

"अगं, केकची किंमत छापलेली असते," काकी म्हणाल्या, पण बोलता बोलता उभ्या राहिल्या होत्या.

"असू दे. तू फक्त बरोबर ये."

दोघी गॅलरीतून जिन्याकडे निघाल्या. मागे खोलीत फोन टिंग करून वाजला. अक्षदाची मान जरा वळली, तसा काकींनी तिचा दंड घट्ट धरला.

"पहिलीच आहे," त्या म्हणाल्या. "चाल पुढे."