आधीच केलेली टिक

बाबांना माझा लग्नाचा बायोडाटा सजवायचा होता. वर गणपती, कडेला नक्षी. मी टाळत होते, म्हणून मी घरी नसताना त्यांनी माझ्याच लॅपटॉपवर एक फुकटचा प्रोग्राम डाउनलोड केला. बाबांना कोणी इंग्रजीत काही विचारलं की ते आधी ‘येस’ म्हणतात, मग विचार करतात.

दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला, तर नेहमीचं पान गायब. भलतंच सर्च आलेलं, आणि कोपऱ्यात ओल्या केसांचा एक पुरुष. त्याला म्हणे माझ्याशी बोलायचं होतं. नेमकी आई चहा घेऊन मागे उभी.

चिडली की आई मालवणीवर येते. “कोण आसा गो तो?”

“अगं, जाहिरात आहे.”

“माझ्या मोबाइलवर साड्याच येतात. आपण बघतो तेच दाखवतात, तूच म्हणालीस ना?”

म्हणाले होते खरी.

आईच्या हुकमाने लॅपटॉप माझ्या खोलीतून हॉलमध्ये आला. ऑफिसचं काम मी घरूनच करते. आता प्रत्येक मीटिंगला मागून आईची नजर. आणि मी बाबांवर नजर ठेवून. स्क्रीनच्या कोपऱ्यात काही उघडलं की ते पेपर तोंडासमोर धरायचे.

शेवटी डाउनलोड्समध्ये मला बाबांच्या त्या प्रोग्रामची फाइल सापडली. आईला शेजारी बसवून मी ती पुन्हा चालवली, एकेक पान मराठीत सांगत. तिसऱ्या पानावर, तळाशी, फिकट अक्षरांत: सोबत अमुक सर्च, तमुक शॉपिंग. चौकटीत टिक आधीच केलेली.

“ही कोणी केली?”

“त्यांनीच. नको असेल तर आपण काढायची.”

“न विचारता?” आई बाबांकडे वळली. “तुम्हाला दिसली नाही?”

“दिसली,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, हिनेच करून ठेवली असेल. लॅपटॉप हिचा. हिचं कशाला काढू?”

मी सेटअप बंद केला आणि नको असलेलं एकेक काढून टाकलं. आई शेवटपर्यंत हलली नाही.

“म्हणजे कोणच नाय?”

“नाही.”

तिने चार्जर काढून माझ्या हातात दिला.

“ने आत लॅपटॉप,” ती म्हणाली. “दार मात्र उघडं ठेव.”